फणस म्हणून आलेला हेदू

गुरुजींचा फोन आला तेव्हा सगळं आधीच ठरलेलं होतं. "संगमेश्वराकडचं घर उतरवतोय. फणसाचे सात वासे आहेत आणि एक तुळई. आजोबांनी घातलेलं लाकूड आहे, सरपणात जायला नको. पुण्याच्या घरी सहा फुटी डायनिंग टेबल करून दे. आणि हो, तो पिवळा रंग तसाच ठेव."

या सांगण्यात तीन चुका होत्या. ते लाकूड फणसाचं नव्हतं, त्यातून सहा फूट निघत नव्हते आणि पिवळा रंग राहणार नव्हता. पण हे मला टप्प्याटप्प्याने कळलं. शिवाय एक चूक मी माझ्या हाताने केली. लाकूडकाम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

माल चिपळूणला माझ्या कारखान्यात उतरला तेव्हा पाहून काही कळण्यासारखं नव्हतं. वासे माजघरावरचे, खाली चूल. कित्येक वर्षांचा धूर बसून डांबर फासल्यासारखे काळे झालेले. वासे नऊ फुटी, चार बाय तीन इंच. तुळई अकरा फुटी, आठ बाय सहा. एकूण नऊ घनफुटांच्या आत. वाशांची जी टोकं जांभ्याच्या भिंतीत बसवलेली होती ती वीतभर कुजलेली, दोन वासे तर निम्म्यापर्यंत वाळवीने पोखरलेले. बाकीच्यांचा भिंतीबाहेरचा भाग मात्र ठणठणीत. हे लक्षात ठेवा: कोरड्यात, धुरात टिकलेलं लाकूड ओल्या भिंतीत टिकलं नाही. सागाची नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, असती तर टोकं इतकी गेली नसती.

खिळे काढायलाच दीड दिवस गेला. डिटेक्टर फिरवूनही एक खिळा राहिला आणि रंध्याची पाती गेली. जुन्या घराच्या लाकडाचा हिशेब मांडताना एक पाती आधीच खर्चात धरायची, हे मी दर वेळी विसरतो.

वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) काजळी उडवल्यावर आतून पिवळं लाकूड निघालं. माझा मदतनीस म्हणाला, "फणसच की हो." मलाही तसंच वाटलं. कोकणात पिवळं लाकूड म्हटलं की पहिलं नाव फणसाचंच. शंका आली ती पहिला वासा रंध्यावरून गेल्यावर. फणसाच्या रंधलेल्या फळीवर उभ्या बारीक चिरा दिसतात, सुईने ओढल्यासारख्या. त्या म्हणजे उभ्या कापल्या गेलेल्या नळ्या, म्हणजे झाडाने ज्यातून पाणी वर नेलं त्या वाहिन्या. फणसात त्या मोठ्या असतात, साध्या डोळ्यांना दिसतात, पॉलिश करताना भराव्याही लागतात. इथे तसलं काहीच नव्हतं. फळी साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होती. ना चिरा, ना नक्षी, ना वार्षिक वलयांच्या ठळक रेघा.

मग रीतसर तपासलं. आडव्या कापाचा तुकडा घेऊन तो धारदार पात्याने एका झटक्यात छाटायचा, ओला करायचा आणि दहापट भिंगातून पाहायचा. करवतीने कापलेल्या तोंडावर काही दिसत नाही, पात्याने छाटलेलंच हवं. फणसात या तोंडावर मोठी, विरळ छिद्रं दिसतात आणि प्रत्येकाभोवती फिकट पेशींचं कडं असतं. माझ्या तुकड्यात छिद्रं अगदी बारीक, असंख्य आणि रवा पेरल्यासारखी सगळीकडे सारखी पसरलेली होती. भोवती कडं नव्हतं. फणस तिथेच बाद.

नंतर वजन. दहा बाय सात बाय तीस सेंटीमीटरचा कोरडा ठोकळा रंधून घेतला. भरला एक किलो चारशे दहा ग्रॅम, म्हणजे घनमीटरला साधारण ६७० किलो. फणस सहसा याहून हलका भरतो. शिवण पिवळट असते, पण तिचा रंग वाळक्या गवतासारखा आणि वजन बरंच कमी. कदंब तर त्याहून हलका. उरले दोघे, हेदू आणि कळंब. दोघं एकाच कुळातले, कॉफीच्या. दोघांचं लाकूड बारीक पोताचं, दोघांची फुलं चेंडूसारखी गोल. नुसत्या भिंगावर या दोघांत निवाडा करायची पैज मी लावणार नाही. पण कळंबाचं लाकूड मळकट, गुलाबीकडे झुकणारं फिकट तपकिरी असतं. ताज्या कापावर हळदीसारखा पिवळा रंग हेदूचा. नमुना देहरादूनच्या वन संशोधन संस्थेला पाठवता आला असता, पण टेबलासाठी तेवढी गरज वाटली नाही.

गावात विचारपूस केल्यावर पक्कं झालं. शेजारच्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "फणस कसला? वरच्या रानातला हेद तो. परड्यातला फणस अजून उभा आहे, कापा." म्हणजे आजोबांचा फणस आणि आजोबांचे वासे यांची कुठेतरी आठवणीत गाठ पडली होती.

हेदूचं दुसरं नाव हळदू. शास्त्रीय नाव हाल्दिना कॉर्डिफोलिया, म्हणजे वंशाचं नावच हळदूवरून पडलेलं. जुन्या पुस्तकांत ते अदिना कॉर्डिफोलिया म्हणून सापडेल. 'कॉर्डिफोलिया' म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांचा. सह्याद्रीत, कोकणात, सातपुड्यात, मेळघाटात पानझडीच्या रानात हा उंच वाढतो. जुन्या झाडाचा बुंधा खाली खाचाखाचांचा होतो. पावसाळ्यात पिवळसर गेंद येतात. बी मात्र धुळीसारखं, किलोत जवळपास एक कोटी बिया भरतात. एवढ्याशा बीत शिदोरी ती किती असणार? पालापाचोळ्यावर पडलं तर मूळ मातीपर्यंत पोचायच्या आत रोप मरतं. उघड्या, खरवडलेल्या जमिनीवर पडलं तरच जगतं. सागासारखा कुणी हेदू लावत बसत नाही, त्याचं एक कारण हे.

लाकूडबाजारात याला नाव नाही. साग सोडून बाकी सगळं आडजात, कुणी इंजायली म्हणतं, आणि ऐन, किंजळ, हेदू एकाच थप्पीत पडतात. गंमत म्हणजे सरकारी कायद्याला तो नावाने माहीत आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या राज्य कायद्यात जी १६ नावं आहेत त्यांत साग, खैर, चंदन, बिबळा, तिवस यांच्या रांगेत हळदू आहे. स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आमचा माल उतरवलेल्या घराचा होता, तरी गाडी भरण्याआधी मी वनरक्षकांना विचारलं, उभ्या घराचे फोटो आणि घरपट्टीची पावती गाडीत ठेवली. नाक्यावर लाकडाचा ट्रक अडवल्यावर "जुनं आहे हो" हे तोंडी सांगणं पुरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट: या लाकडाचं करायचं काय?

सागाशी तुलना करू, कारण गिऱ्हाईक तीच करतं. वजन जवळपास सारखं, हेदू किंचित जास्त. कठीणपणातही तो थोडा सरस. रेषा बहुतेक सरळ, क्वचित एखाद्या पट्टीत उलटसुलट, तिथे रंध्याने केस उपटल्यासारखं होतं, पण एकूण शहाणं लाकूड. सागातलं तेल आणि टिकाऊपणा याच्यात नाही. उघड्यावरच्या बाकाला, दाराच्या चौकटीला, न्हाणीघराला हेदू वापरू नये. आणि सागाची नक्षीही नाही. पाच फुटांवरून हेदूची फळी निव्वळ पिवळा पुठ्ठा दिसते.

मग याची किंमत कशात? पोतात. छिद्रं इतकी बारीक आणि सारखी पसरलेली की कुठल्याही दिशेने कापलं तरी कड तुटत नाही, फूस निघत नाही. म्हणून एकेकाळी कापड गिरण्यांतले बॉबिन, म्हणजे सूत गुंडाळायची रिळं, हेदूचे होत. विचार करा, भरधाव फिरणाऱ्या बॉबिनवरून सूत जातं. एक बारीक फूस उभी राहिली की सूत तुटलं. वजन सगळीकडे सारखं नसेल तर बॉबिन थरथरतं. सागाचं बॉबिन तिथे चालत नाही, सागाची वाढीची वलयं एक पट्टा मऊ, एक पट्टा कडक अशी असतात. हेदूला तो भेदच नाही. केसांच्या फण्या, ब्रशच्या पाठी, मोजपट्ट्या, खेळणी, बंदुकीचे दस्ते, नाचघरांची जमीन, हे सगळं हेदूतून झालंय. ब्रह्मदेशातूनही हे लाकूड परदेशी जाई. तिथे त्याला ह्नाव म्हणतात. ही यादी वाचली की एक गोष्ट दिसते: हाताला, केसाला, सुताला, तळव्याला जे लागतं ते हेदूचं.

हे मी गुरुजींना सांगितलं. त्यांना फणस गेल्याचं वाईट वाटलं. दोन दिवसांनी फोन केला. "म्हणजे भारी आहे की हलकं?"

"गुरुजी, वेगळं आहे. बघण्यापेक्षा हात फिरवायचं लाकूड आहे."

"मग वॉलनट पॉलिश मारून टाक. दिसेल तरी."

यावर मी नाही म्हटलं. हेदू रंग छान आणि सारखा शोषतो, अडचण ती नाही. पण नक्षी नसलेल्या लाकडावर गडद रंग चढवला की ते लाकूड वाटतच नाही, रंगवलेलं एमडीएफ, म्हणजे कारखान्यात दाबून केलेला पाटा, वाटतं. गुरुजींच्या घरच्या काकूंनी पलीकडून फोन घेतला आणि म्हणाल्या, पिवळाच हवा, मला हळदीचा रंग आवडला. तिथून दुसरी अडचण सुरू झाली.

हेदूचा पिवळा उजेडात टिकत नाही. लालसर तपकिरीकडे जातो. हे मला माहीत होतं, पण किती आणि किती दिवसांत, ते मी मोजलं नव्हतं. म्हणून एकाच पट्टीचे चार भाग केले: एक कोरा, एकावर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, एकावर जवसाचं तेल, एकावर अतिनील किरण रोखणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने आणि वरून फॉइलने झाकला आणि पट्टी दक्षिणेच्या खिडकीत आठ आठवडे ठेवली. झाकण काढल्यावर चारही भागांत सीमारेषा स्पष्ट दिसत होती. जवसाच्या तेलाचा भाग सगळ्यांत गडद, गुळाच्या ढेपेसारखा. चपडा मधला. पीयूचा फरक सगळ्यांत कमी, पण होताच. म्हणजे पीयूने वेळ मिळतो, रंग वाचत नाही. ही पट्टी मी काकूंच्या हातात दिली आणि म्हटलं, आज जे बघताय ते झाकलेल्या अर्ध्यातलं आहे, दोन वर्षांनी उघड्या अर्ध्यातलं मिळेल. तोंडी सांगितलं असतं तर पटलं नसतं. गिऱ्हाइकाला रंगाचं वचन देण्याआधी अशी पट्टी करावी, कुठल्याही लाकडाची. खर्च शून्य.

काकूंनी बराच वेळ पट्टी उलटसुलट केली आणि चपडा निवडला. कारण सांगितलं ते मला आवडलं: "होऊ दे तपकिरी, पण प्लास्टिकसारखं चकाकायला नको."

आता माझी चूक. तुळई सरळ कापायला घेतली. निम्म्या भागातून टेबलाचे पाय काढायचे, उरलेल्या निम्म्यातून दोन इंची जाड तीन फळ्या, बाकासाठी. वाशांवर ओलावा मोजणारं यंत्र तेरा टक्के दाखवत होतं, म्हणून तुळईही तशीच असणार असं धरून चाललो. जुनं लाकूड म्हणजे वाळलेलंच, हा आपला सगळ्यांचा समज. पण तुळईवर कौलाची गळती होती आणि आठ बाय सहाचं लाकूड आतून सावकाश वाळतं. कापल्यावर मधोमध यंत्र लावलं तर एकोणीस. तरी मी फळ्या पत्र्याच्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवल्या, मार्चच्या शेवटी, वाऱ्याच्या तोंडाला, टोकांना मेण न लावता. घाई होती. दहा दिवसांनी दोन फळ्यांच्या अंगभर केसासारख्या भेगा. हेदू एरवी समजूतदारपणे वाळतो, वाकत-पिळत नाही, पण जाड माल गरम वाऱ्यात ठेवला की वरची कातडी आतल्यापेक्षा आधी आकसते आणि फाटते. हे पुस्तकात असतं, मी वाचलेलंही होतं. सावलीत, गोणपाट झाकून, टोकांना मेण लावून महिनाभर ठेवलं असतं तर बाक झाला असता. बाक रद्द झाला आणि ते पैसे मी लावले नाहीत.

टेबलाचं गणित वाशांवर आलं. पाच वासे चांगले. प्रत्येक तीन इंची जाडीतून उभा चिरून सव्वा इंची दोन पट्ट्या, म्हणजे दहा. नऊ फुटांतून कुजलेली टोकं गेली, राहिले साधारण आठ. सहा फुटांच्या पट्ट्या काढल्या असत्या तर खालच्या चौकटीला माल उरत नव्हता. म्हणून पाच फूट टेबलाला आणि तीन फूट चौकटीला. दहा पट्ट्या साडेतीन इंची रुंद, म्हणजे पस्तीस इंच रुंदी. पाच फुटी टेबल सहा माणसांना पुरतं, गुरुजींच्या घरी माणसं चार. सहा फुटांचा हट्ट त्यांनी लगेच सोडला.

पट्ट्या जोडण्याआधी पुण्याला त्यांच्याच घरात तीन आठवडे ठेवल्या, पलंगाखाली, मध्ये काड्या घालून. काकूंना ते फारसं रुचलं नाही. पण चिपळूणच्या हवेतलं लाकूड पुण्याच्या हवेत जाऊन आकसणारच, ते जोडल्यावर आकसण्यापेक्षा आधी आकसलेलं बरं. जोडणीला साधा पांढरा गोंदच वापरला, हेदू गोंद नीट धरतो, सागासारखं तेल आड येत नाही. फळा चौकटीला स्क्रूने जखडला नाही. चौकटीच्या आतल्या खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुट्ट्यांनी धरला, म्हणजे पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला वाव. पायांना मॉर्टिस-टेननचे, म्हणजे खाचेत जीभ बसवायचे, सांधे. पाय काढताना झाडाचा अगदी मधला गाभा टाळला, तो पायात आला की कधी ना कधी उभी चीर जाते.

छिद्रं भरण्याचं काम जवळपास नव्हतंच. सागाला किंवा फणसाला जितके हात लागतात त्याच्या निम्म्या हातांत चपड्याची पातळी बसली. शेवटचा हात देऊन तळवा फिरवला तेव्हा कळलं की गिरणीवाल्यांनी हे लाकूड का निवडलं असेल.

खराब झालेल्या दोन फळ्यांतल्या भेगा चार-पाच मिलिमीटर खोल होत्या. तेवढं छाटून जे उरलं त्याचे तुकडे ओळखीच्या कातारीकडे, म्हणजे लाकूड कातून वस्तू करणाऱ्यांकडे, नेले. त्यांनी लेथवर पहिला तुकडा चढवला, पटाशी लावली आणि हातभर लांबीची सलग रिबीन निघाली. ते थांबले. "हे काय आहे? बाभळीची तर भुशी पडते." हेदू म्हटल्यावर त्यांना आठवलं, त्यांचे वडील फण्यांना हे मागवायचे. पॉलिश पेपर जेमतेम एकदा लावला. अकरा लाटणी झाली. ती कोरीच ठेवली, तेलही नाही. पिठाने आणि हाताने आपोआप चकाकी येते. गुरुजींच्या सगळ्या बहिणींना आणि भाच्यांना एकेक गेलं. शेजारच्या काकींनाही एक, कारण झाड त्यांनी ओळखलं होतं. खरं सांगायचं तर या मालातलं सगळ्यांत योग्य काम टेबल नव्हे, ही लाटणीच. माल फुकट गेल्यामुळे झालेली.

एक सूचना. हेदूची भुशी फार बारीक उडते, घशात बसते. घासकाम करताना मास्क लावा, मी पहिल्या दिवशी लावला नाही आणि रात्रभर खोकलो.

टेबल जाऊन वर्ष झाल्यावर काकूंचा फोन. दिवाळीच्या साफसफाईत मधोमध ठेवलेलं विणलेलं आसन उचललं तर खाली पिवळाजर्द चौकोन, बाकी टेबल मधासारखं तपकिरी. "डाग कसा काढू?" मी म्हटलं, डाग तो नाही, डाग भोवतीचा आहे. उजेडाने फक्त वरची पातळ कातडी बदलते. सगळा फळा हलका घासून परत चपडा मारला तर पूर्ण पिवळा होईल, किंवा आसन काढून ठेवलं तर काही महिन्यांत चौकोनही भोवतालच्या जवळ येईल. मागून गुरुजी म्हणाले, घासायला नको. काकूंनी आसन खुर्चीवर टाकलं.

माझ्याकडे अजून वाळवीने खाल्लेल्या दोन वाशांचे चांगले तुकडे आहेत, कुणाला फण्या करून बघायच्या असतील तर.